डोकेदुखीला ‘अ’, न्यूमोनियाला काहीच नाही आणि फ्लूला ‘द’, असं का?

पत्र (थोडं आटोपशीर करून):

“ताई नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातली, वय ३१, स्टाफ नर्स आहे, नोकरीला ९ वर्षं झाली. इंग्लंडला जायचं ठरवलंय म्हणून ओईटीचा, म्हणजे परदेशात काम करू पाहणाऱ्या नर्स-डॉक्टरांच्या इंग्रजी परीक्षेचा, क्लास लावलाय. वाचन, ऐकणं जमतंय, पण लेटर रायटिंग तपासून आलं की आर्टिकलच्या जागी लाल गोलच गोल. ‘हेडेक’ला ‘अ’ लाव म्हणाले, लावला. मग ‘न्यूमोनिया’ला लावला तर खोडला. ‘फीवर’ एकदा बरोबर धरलं, एकदा चूक. फ्लूला म्हणे ‘द’. सरांना कारण विचारलं तर म्हणतात सवयीने येईल. माझं दहावीपर्यंत मराठी मीडियम, घरी कुणी इंग्रजी बोलत नाही, सवय आणू कुठून? आता तर रोलप्लेला (नर्स-पेशंटच्या संवादाला) तोंड उघडलं की आधी आर्टिकलच आठवतं आणि पुढचं वाक्य अडकतं. मला एकेरी बोललात तरी चालेल. ता.क. परवा ‘पेशंट हॅज बॅक पेन’ लिहिलं तर तिथेही ‘अ’ घालून गोल केलाय, तो तेवढा बघाल का?”

अगं, तुझं पत्र वाचून आधी मला सरांचा जरा रागच आला, कारण सवयीने येईल हे ज्याच्या कानावर लहानपणापासून इंग्रजी पडलंय त्याला सांगायचं असतं, ९ वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या बाईला कारण सांगायला पाहिजे, आणि कारण आहे. सगळीकडे नाही, पण बहुतेक ठिकाणी आहे. तुझा बॅक पेन मी विसरणार नाहीये, शेवटी घेते.

आधी एक बघ, मराठीत आर्टिकल नाही म्हणून आपल्याला वाटतं हे काहीतरी भलतंच परकं आहे. पण ताप ‘येतो’, सर्दी ‘होते’, कंबर ‘धरते’, उसण ‘भरते’, पायात गोळा ‘येतो’, चमक ‘निघते’, पोट ‘बिघडतं’, अंग ‘मोडून येतं’, हे तुला कुणी शिकवलं? कुणीच नाही, पण एखादा परदेशी माणूस ‘मला ताप झाला आणि सर्दी आली’ म्हणाला की तुझ्या कानाला लगेच खटकेल. म्हणजे कुठलं दुखणं कसल्या जातीचं आहे हे आपणही बोलताना सांगतोच, फक्त आपण ते क्रियापदातून सांगतो आणि इंग्रजी माणूस नामाच्या आधी ते इवलंसं अक्षर लावून सांगतो. आपल्याकडेही याचं पक्कं गणित नाही, तरी आपण चुकत नाही. एवढं डोक्यात ठेव म्हणजे भीती निम्मी होईल.

आता ‘अ’ कुठे. जे दुखणं घरात बसूनच कळतं, डॉक्टरने नाव द्यायची गरज नसते, आणि जे आज आलंय ते दोनचार दिवसांत जाणार आहे, त्याला ‘अ’. अ हेडेक, अ कोल्ड, अ कफ, अ सोअर थ्रोट, अ रनी नोझ, अ स्टिफ नेक. इंग्लंडमधली माणसं ताप आलाय म्हणायला ‘अ टेम्परेचर’ म्हणतात, ‘शी हॅज गॉट अ टेम्परेचर’, हे तुला रोज ऐकू येणार आहे. यातला ‘अ’ काढलास तर नुसती व्याकरणाची चूक होते असं नाही, अर्थ हलतो. ‘आय हॅव अ कोल्ड’ म्हणजे सर्दी झालीय, ‘आय ॲम कोल्ड’ म्हणजे थंडी वाजतेय, आणि ‘आय हॅव कोल्ड’ म्हटलं की समोरची सिस्टर क्षणभर थांबणार, ब्लँकेट आणू का टिश्यू.

ज्या गोष्टीवर बोट ठेवता येतं तिलाही ‘अ’. फ्रॅक्चर, स्प्रेन, रॅश, हर्निया, अल्सर, स्लिप्ड डिस्क, किडनी स्टोन. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये स्टोन मोजून लिहितात ना, एक इथे एक तिथे, मग मोजता येतो म्हणजे ‘अ’ आलाच. आणि झटका बसतो ते सगळं, अ हार्ट अटॅक, अ स्ट्रोक, अ सीझर. स्ट्रोक या शब्दाचा मूळ अर्थच फटका, आणि आपणही ॲटॅकचा झटका ‘आला’ म्हणतो, एकदा आला, दोनदा आला, मोजतोच की.

याउलट डॉक्टरने दिलेलं आजाराचं नाव असलं की समोर काही नको. मलेरिया, टायफॉइड, डेंग्यू, न्यूमोनिया, ॲस्थमा, डायबिटीस, ॲनिमिया, जॉन्डिस, टीबी, आर्थ्रायटिस, हायपरटेन्शन. न्यूमोनिया पण येतो आणि जातो की मग त्याला ‘अ’ का नाही, हे तू विचारणार मला माहितीये, आणि इथे माझं येणं-जाणं कामाला येत नाही हे सरळ कबूल करते. तो डॉक्टरी नावांच्या गटात बसलाय, बस. सर्दी-खोकल्यासारखा घरगुती शब्द असेल तर ‘अ’, पुस्तकातलं नाव असेल तर उघडं, एवढ्यावर तुझी बरीच गाडी पुढे जाईल. तरी अडलंच तर एक पळवाट आहे आणि ती अगदी शुद्ध पळवाट आहे, आजाराच्या नावाला मोजता येणारा शब्द जोड. ॲन ॲस्थमा अटॅक, अ चेस्ट इन्फेक्शन, अ केस ऑफ डेंग्यू. तिथला ‘अ’ हा अटॅकचा, इन्फेक्शनचा, केसचा असतो, आजाराचा नाही.

हे दोन्ही एकाच वाक्यात बघायचं असेल तर हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव, ‘ही हॅड अ हार्ट अटॅक इन २०१९ अँड नाऊ ही हॅज हार्ट फेल्युअर.’ ॲटॅक आला तो एक दिवस, त्याला तारीख आहे. फेल्युअर ही अवस्था आहे, ती चालूच आहे, तिला ‘अ’ नाही. हार्ट डिसीज पण तसंच उघडं. तू असे पेशंट रोज बघतेस, त्यामुळे हा फरक तुला व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा तुझ्या अनुभवानेच जास्त चांगला कळेल.

आता शेवटी ‘एक’ येणारे शब्द (हा आकडा नाही, इंग्रजी ‘एक’, दुखणं), म्हणजे हेडेक, टूथेक, इयरेक, स्टमकेक, बॅकेक. इथे क्लासमध्ये जो गोंधळ होतो त्यात तुझी चूक नाही, इंग्रजीचेच दोन देश वेगळे वागतात. पूर्ण वाक्यात हेडेकला दोन्हीकडे ‘अ’ लागतो, त्यात सूट नाही. बाकीच्या चारांना अमेरिकेत ‘अ’ लावतात, ‘आय हॅव अ टूथेक’. ब्रिटनमध्ये मात्र ‘आय हॅव गॉट टूथेक’, ‘शी हॅज गॉट बॅकेक’ असं उघडंच बोललेलं सर्रास ऐकशील, आणि एखादी ठराविक वेळची कळ सांगायची असेल तर तेही ‘अ’ लावतात. क्रॅम्पचंही तसंच, पायात गोळा आला की ब्रिटिश माणूस नुसतं ‘क्रॅम्प’ म्हणतो आणि अमेरिकन ‘अ क्रॅम्प’. तू इंग्लंडला चाललीयेस, तेव्हा ओईटीत काही लाव, पण एका लेटरमध्ये एकच धर, वर ‘टूथेक’ आणि खाली ‘अ बॅकेक’ असं नको. तिथली माणसं दुखणं हळू करून सांगतात हेही आत्ताच कानावर घालते, ‘अ बिट ऑफ अ हेडेक’ म्हणेल आणि प्रत्यक्षात डोकं ठणकत असेल. त्यात ‘अ’ दोनदा येतो.

या कुटुंबात एक शब्द असा आहे की जो दिसतो तसा नाही, हार्टेक. हा मी जवळून अनुभवलाय म्हणून सविस्तर सांगते. मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो, जेवणानंतर यांच्या छातीत जळजळ व्हायला लागली, दोन रात्री झोप नाही, शेवटी डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरीण बाई तरुण, शांत. त्यांनी विचारलं काय होतंय, तर हे म्हणाले, ‘डॉक्टर, आय हॅव हार्टेक.’ यांना वाटलं हेडेक, स्टमकेक, तसं हार्टेक. बाईंनी टायपिंग थांबवलं, खुर्ची थोडी पुढे घेतली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, घरी काही झालंय का, कुणी गेलंय का. हे माझ्याकडे बघायला लागले. हार्टेक म्हणजे मनाचं दुःख गं, काळीज तुटणं, छातीतलं दुखणं नाही. मी मध्ये बोलले, ‘ही हॅज अ बर्निंग पेन इन हिज चेस्ट,’ आणि त्या बाईंचा चेहरा, बसणं, आवाज, सगळं बदललं. ‘व्हेन डिड द पेन स्टार्ट?’ पुढच्या दहा मिनिटांत ईसीजी. सुदैवाने तो नॉर्मल निघाला आणि शेवटी ते ॲसिडचं निघालं, ज्याला ते लोक हार्टबर्न म्हणतात, आणि हार्टबर्नला आर्टिकल नाही.

पण त्या खोलीतली एक गोष्ट मी तेव्हापासून माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. मी ‘अ पेन’ म्हणाले, त्या ‘द पेन’ म्हणाल्या. दुखणं पहिल्यांदा टेबलावर आलं तेव्हा ‘अ’, आणि दोघींना ते माहीत झालं त्या क्षणापासून ‘द’. मराठीत हे आपण करतोच, ‘पोटात कळ येते हो’, ‘ती कळ कधीपासून येते?’ तो ‘ती’ म्हणजेच ‘द’. तुझ्या रोलप्लेचं निम्मं काम इथे आहे, कारण रोलप्लेमध्ये बहुतेक प्रश्न तूच विचारणार. पेशंट म्हणणार ‘आय हॅव अ कफ’, तू म्हणणार ‘इज द कफ वर्स ॲट नाइट?’ पेशंट म्हणणार ‘अ रॅश’, तू म्हणणार ‘डझ द रॅश इच?’ म्हणजे तुझ्या तोंडी ‘अ’ का काही नाही हा पेच फार कमी वेळा येणार, पेशंटने जे नाव घेतलं त्याला ‘द’ किंवा ‘धिस’ लावून परत करायचं. तू जी अडकतेस ना, ती पहिल्या वाक्याच्या भीतीने अडकतेस, आणि दुखण्याचं नाव पहिल्यांदा घेणारं वाक्य दुखणं असलेल्या माणसाचं असतं.

अवयवाचंही यातच उरकते. आपण ‘पाय दुखतोय’ म्हणतो, माझा म्हणायची गरज नाही, दुसऱ्याचा पाय मला कसा दुखेल. इंग्रजीत मात्र ‘माय लेग हर्ट्स’, माय लागतंच. पेशंट ‘माय नी’ म्हणतो, आणि डॉक्टर लिहिताना ‘पेन इन द लेफ्ट नी’ लिहितात, दोन्ही बरोबर, फक्त ‘पेन इन नी’ असं उघडं सोडू नकोस. आणि ‘माय लेग इज पेनिंग’ नको, ‘हर्ट्स’ नाहीतर ‘इज एकिंग’.

मग तुझं फीवर. एकदा बरोबर आणि एकदा चूक का, तर शब्द एक आहे पण कामं दोन. लक्षणांची यादी करताना उघडं चालतं, नव्हे तेच योग्य, ‘द पेशंट प्रेझेंटेड विथ फीवर, कफ अँड ब्रेथलेसनेस.’ अशा यादीत हेडेकसुद्धा ‘अ’ सोडून बसतो, कारण तिथे तो लक्षणाचं नाव म्हणून आलाय. पण वाक्य त्या माणसाचं असेल तर ‘शी हॅज अ फीवर’, आणि पुढे विशेषण आलं की तर हमखास, ‘अ हाय फीवर’, ‘अ माइल्ड फीवर’. डेंग्यू फीवर आणि ‘हे फीवर’ (स्पेलिंग एच-ए-वाय) ही परत आजाराची नावं, उघडी. (‘हे फीवर’मध्ये बहुतेक ताप नसतोच, ती परागकणांची ॲलर्जी आहे, तिकडे उन्हाळ्यात शिंकांनी हैराण झालेली माणसं दिसतील तुला.)

आणि इथेच मला वाटतं तुझ्या लाल गोलांचं खरं मूळ आहे. तू ९ वर्षं काय लिहित आलीस? केस पेपरवर ‘सी-ओ (म्हणजे कम्प्लेन्स ऑफ) हेडेक, वॉमिटिंग, फीवर विथ चिल्स’. हँडओव्हरला काय बोलतेस? ‘बेड फोर, ऑपरेटेड, पेन प्रेझेंट, फीवर नाही.’ त्या भाषेत आर्टिकल असतच नाही, इंग्लंडमधली नर्सही चार्टवर ती गाळतेच. ओईटीच्या लेखी भागात तुला केस नोट्स देतात त्या याच तुटक भाषेत, ५ मिनिटं वाचायला, ४० मिनिटं लिहायला, आणि त्यातून पूर्ण वाक्यांचं लेटर करायचं असतं. म्हणजे नोट्समध्ये गाळलेली आर्टिकलं परत जागेवर बसवणं हाच त्या कामाचा एक भाग आहे. तुझं इंग्रजी कच्चं आहे असं मला अजिबात वाटत नाही, तू एक पक्की व्यावसायिक भाषा जशीच्या तशी लेटरमध्ये उतरवतेस. म्हणून उद्यापासून ड्युटीवर एक कर, केस पेपरवरची एकच ओळ उचल, मनातल्या मनात तिचं पूर्ण वाक्य कर आणि पुढच्या पेशंटकडे जा. पेशंटचं नाव-गाव वहीत उतरवायचं नाही, नुसती ओळ. दिवसाला तीन झाल्या तरी खूप.

फ्लूला ‘द’ का? आपण म्हणतो ना, ‘ती साथ चालू आहे ना, तीच झालीय त्याला’, तसा तो ‘द’ आहे, सगळ्यांना माहीत असलेली, गावभर फिरणारी. जुन्या इंग्रजीत देवीच्या रोगालाही ‘द स्मॉलपॉक्स’ म्हणत. द फ्लू, द मीझल्स, द मम्प्स, द चिकनपॉक्स. यातलं फ्लूचं ‘द’ अमेरिकेत पक्कं आहे, ब्रिटनमध्ये नुसतं ‘फ्लू’ही चालतं, आणि बाकीच्या तिघांना आता ‘द’ न लावलेलंच जास्त दिसतं, लेटरमध्ये तर न लावलेलंच बरं. मला यातली एक गंमत फार आवडते, पॉक्स हे मुळात ‘पॉक’ म्हणजे फोड या शब्दाचं अनेकवचन आहे, अगदी आपल्या ‘कांजिण्या आल्या’, ‘देवी आल्या’सारखं. फक्त आपण क्रियापदही अनेकवचनी ठेवतो, आणि इंग्रजीत मीझल्स, मम्प्स, डायबिटीस यांच्या शेवटी ‘स’ ऐकू आला तरी पुढे ‘इज’च येतं. बोलताना पेशंट ‘द रन्स’ म्हणाला तर जुलाब, ‘द हिकप्स’ म्हणजे उचकी, हे ऐकायला माहीत असू दे, लेटरमध्ये लिहू नकोस.

राहिला ‘अ’ का ‘ॲन’. शाळेत ए-ई-आय-ओ-यू पाठ करून घेतलंय आपल्याकडून आणि तिथेच घोळ होतो, कारण नियम स्पेलिंगचा नाही, उच्चाराचा आहे. तू मराठी मीडियमची आहेस ना, मग इथे तू पुढे आहेस, शब्द देवनागरीत लिहून पहिलं अक्षर बघ. स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. एमआरआय, ‘ए’ने सुरू, म्हणून ॲन एमआरआय. ॲन एक्स-रे, ॲन ईसीजी, ॲन आयव्ही लाइन, ॲन एनजी ट्यूब. यूटीआय, स्पेलिंग यू पण देवनागरीत ‘य’, म्हणून अ यूटीआय. अ युनिट ऑफ ब्लड. आणि तास, ज्याच्या स्पेलिंगमध्ये एच आहे पण आपण ‘अवर’ लिहितो, तो ॲन अवर. माझ्या क्लासमध्ये ही युक्ती इंग्लिश मीडियमच्या मुलांना सुद्धा वापरायला लावते मी.

काही आपले इथले शब्द तिकडे जाताना मागे ठेव. ‘पेशंट हॅज बीपी’, बीपी प्रत्येकालाच असतं, ‘हाय ब्लड प्रेशर’ म्हण, आर्टिकलशिवाय. ‘शुगर’च्या जागी डायबिटीस. ‘लूज मोशन्स’ ऐवजी डायरिया, तोही उघडा. ‘ॲसिडिटी’ नको, हार्टबर्न किंवा इनडायजेशन. आणि ‘सिन्स थ्री डेज’ आपल्याकडे सगळे डॉक्टरही म्हणतात, पण ते ‘फॉर थ्री डेज’ आहे, हे आर्टिकलपेक्षा जास्त खटकतं.

लाल गोलांचं वजन किती हेही कळू दे तुला. लेटर तपासतात ते सहा बाजूंनी, पत्राचा उद्देश लगेच कळतो का, मजकूर बरोबर आणि पुरेसा आहे का, नेमकं आणि स्पष्ट आहे का, पत्राचा सूर व्यावसायिक आहे का, मांडणी कशी आहे, आणि सहावी बाजू भाषा. आर्टिकल त्या सहाव्यातला एक तुकडा आहे. डिस्चार्ज होणाऱ्या पेशंटला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे हे लिहायचं राहिलं तर ते कितीतरी मोठं, आणि ते तू विसरणार नाहीस, तुझी ९ वर्षं त्यातच गेलीत. रोलप्लेमध्ये तर समोरच्याचं ऐकून घेणं, धीर देणं, समजेल असं सांगणं यालाही मार्क आहेत. तेव्हा ‘अ’ सुटला तर सुटू दे, वाक्य पूर्ण कर, मागे जाऊन दुरुस्त करत बसू नकोस.

आता तुझा ता.क. बॅक पेन, चेस्ट पेन, अब्डॉमिनल पेन, हे असे जोडशब्द साधारणपणे उघडेच लिहितात, ‘अ’ लागतो तो ‘अ पेन इन माय बॅक’ अशा मांडणीत. ‘पेशंट हॅज बॅक पेन’मध्ये कमी असेल तर पेशंटच्या आधीचा ‘द’ कमी आहे, आणि गोल तिथे नाहीये. जिथे आहे तिथे तू बरोबर होतीस. तेवढा ‘द’ घाल, आणि सरांना तो कागद घेऊन जाऊन दाखव.